डाव्या अंगाचा घोडा

मी घोडा बोलतोय. जरा दमानं घ्या, आत्ताच थांबलोय आणि थांबलं की मला भोवळ येते. तुमचं उलटं असतं, तुम्हाला फिरलात की गरगरतं. माझा जन्मच फिरण्यात गेला, त्यामुळे जग जागच्या जागी उभं राहिलं की पोटात खड्डा पडतो. पोट तसंही पोकळच आहे म्हणा, फळ्या डकवून केलेलं.

एव्हाना तुम्ही ओळखलं असेल, मी गवत खाणारा घोडा नव्हे. बागेच्या मागच्या फाटकाशी, कारंज्याच्या पलीकडे घोड्यांची चक्कर आहे, तिच्यावरचा मी. बाहेरच्या रांगेत आम्ही दहा, आतल्या रांगेत सहा, आणि ज्यांना घोड्यावर बसायची भीती किंवा लाज वाटते त्यांच्यासाठी बदकाच्या आकाराचा एक बाक. मुलं तिला चक्कर म्हणतात, मोठी माणसं मेरी-गो-राउंड म्हणतात, आणि तिकीटघरावरच्या पाटीवर मात्र 'कॅरोसेल' असं लिहिलंय. ती पाटी मास्तरांनी लावली. मास्तर कोण ते पुढे येईल. घोड्याची गोष्ट असली म्हणून ती पहिल्याच वळणावर उधळली पाहिजे असं नाही.

ही चक्कर आता ताई चालवते, आणि मला घडवलं ते तिच्या बाबांनी. ते सुतार. दारं, खिडक्या, टेबलं अशी सरळ रेषेतली कामं करणारा, नाकासमोर चालणारा माणूस. एकदा कामासाठी परगावी गेले, तिथे कुठल्याशा मैदानात लाकडी घोडे गोल फिरताना पाहिले आणि डोक्यात खूळ शिरलं ते उतरलंच नाही. दिवसभर लोकांच्या खुर्च्या करायच्या आणि उरलेल्या वेळात घोडे. चार वर्षं घराचा तबेला झाला होता. जिन्यावर मुंडकी वाळत असायची, पलंगाखाली पाय. ताईची आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची की घरात बसायला जागा नाही, पण बसायला घोडे भरपूर आहेत.

आता आमच्या जातीचं एक गुपित सांगतो. चक्करीच्या घोड्याची एकच बाजू सजवतात. आमची चक्कर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरायची, म्हणजे बघणाऱ्यांना दिसायचं ते आमचं उजवं अंग. तिकडे आयाळीच्या लाटा, लगामावर फुलं, खोगिराला झालर. डावं अंग मधल्या खांबाकडे, यंत्राकडे. ते कोण पाहतंय? तिथे रंधा फिरवायचा, रंगाचा एक हात द्यायचा, झालं. माणसंही पाहुणे बसतात ती खोली तेवढी आवरून ठेवतात आणि आतल्या खोलीचं दार लोटून घेतात, तसंच हे.

माझ्या वेळी मात्र घोळ झाला. मी सोळावा, शेवटचा. ताई तेव्हा आठ वर्षांची होती आणि या घोड्याची नक्षी मीच काढणार म्हणून हटून बसली होती. बाबांनी मला टेबलावर उभं केलं, तिच्या हातात खडू दिला आणि ते एका गिऱ्हाइकाचं दार बसवायला गेले. ताई डावखुरी. खिडकीचा उजेड ज्या बाजूला होता त्या बाजूला ती उभी राहिली आणि जीभ बाहेर काढून, डाव्या हातानं माझ्या अंगभर वेली काढत सुटली. मधूनमधून पक्षी काढले. मानेवर एक मासा काढला. घोड्याच्या मानेवर मासा का, हे विचारायचं नाही.

बाबा परत आले. रेघ दिसली की छिन्नी चालवायची एवढंच त्या माणसाला ठाऊक. तीन दिवस मान वर न करता त्यांनी ती नक्षी कोरली. चौथ्या दिवशी मला बाकीच्यांच्या रांगेत उभं केलं तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की पंधराजण सजलेत उजव्या अंगाला आणि हा पठ्ठ्या सजलाय डाव्या.

म्हणजे माझं सगळं रूप खांबाकडे आणि लोकांकडे नुसती सपाट फळी. मला उलट्या तोंडाचा बसवला असता तर नक्षी दिसली असती, पण मग शेपूट पुढे करून धावावं लागलं असतं. ताईची आई हसून हसून जिन्यावरच्या मुंडक्यांशेजारी बसली. ताई मात्र रडकुंडीला आली होती. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"असू दे," ते म्हणाले. "डावखुऱ्या मुलीचा डावखुरा घोडा. हा तुझा."

पहिली फेरी तिनं माझ्यावर बसून घेतली. मोटर अजून यायची होती, म्हणून बाबांनी खांदा लावून चक्कर ढकलली. एक फेरी झाली, ताई म्हणाली, "पुन्हा." दुसरी झाली, "पुन्हा." बाबांचा सदरा पाठीला चिकटला आणि अकराव्या फेरीनंतर ते गवतावर आडवे झाले तरी ही बया माझ्या मानेला मिठी मारून तेच घोकत होती.

आता खरं घोडं पेंड कुठे खात होतं ते सांगतो. चक्करीशेजारी बाबांनी एक खांब रोवला होता आणि त्याला एक आडवा लाकडी हात बसवला होता. त्या हाताच्या पोकळीत बारा कड्या मावायच्या. अकरा लोखंडी, एक पितळी. तोंडाकडून एकेक कडी आत ढकलायची, मागे स्प्रिंग असते, त्यामुळे बाहेरची ओढून काढली की आतली पुढे येते. बाहेरच्या घोड्यावर बसलेल्यानं जाता जाता हात लांब करायचा आणि बोटानं कडी हिसकायची. पितळी कडी ज्याला मिळेल त्यानं एका घोड्याला नाव ठेवायचं, असा बाबांचा नियम. ते नाव पांढऱ्या रंगानं घोड्याच्या गळ्याखाली लिहिलं जायचं आणि कितीही वाईट असलं तरी बदलायचं नाही.

त्यामुळे माझ्या शेजाऱ्यांची नावं ऐका. तुफान आहे, बिजली आहे, ते ठीक. पण एक आहे बटाटा. एकाचं नाव गुरुवार, कारण कडी काढणाऱ्या मुलीला आज गुरुवार आहे एवढंच ऐनवेळी सुचलं. एकाचं नाव हेडमास्तर, आणि त्याला टाच मारायला शाळेतली मुलं रांग लावायची. बघता बघता पंधरा जणांची बारशी झाली. सोळावा मी. घोडा ताईचा, पण नाव फुकट मिळणार नाही, कडी तिची तिनं काढायची, असं बाबांनी बजावलं होतं. न्यायाच्या बाबतीत ते पोटच्या पोरीलाही सूट देत नसत.

आणि तिथेच माझं घोडं अडलं. विचार करा, कडीचा खांब बाहेर, बाहेरच्या अंगाला उजवा हात, आणि पोर डावखुरी. उजव्या हाताची बोटं कडीला लागायची आणि घसरायची. नवव्या वर्षी एके दिवशी ती चिडली, कमरेतून पूर्ण वळली, छातीवरून डावा हात बाहेर फेकला आणि तोल जाऊन थेट फरशीवर. पुढचा दात अर्धा तुटला. उजवं मनगट मोडलं आणि जुळलं ते वाकडं. त्यानंतर त्या हातात कपाचा कानही नीट धरता येईना, कडी कुठली हिसकणार? बाबांनी तिला बाहेरच्या रांगेत बसायला बंदी केली. मला त्या वेळी खाली वाकून तिला उचलावंसं वाटलं होतं, पण माझे गुडघे वाकलेले असूनही वाकत नाहीत.

मग वर्षं फिरत राहिली. बाबा थकले, गेले. चक्कर ताईकडे आली. घंटा वाजवायची, मोटरचा दांडा पुढे ढकलायचा, बारा फेऱ्या मोजायच्या, दांडा मागे ओढायचा. हे सगळं ती डाव्या हातानं करते आणि दांड्याला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. लग्न झालं, मुलं झाली, ती मोठी होऊन कामाला लागली, ताईची साठी उलटली. रोज सकाळी ती सोळाही घोडे पुसते. माझ्यापाशी आली की गळ्याखालच्या कोऱ्या जागेवरून फडकं दोनदा फिरवते, जसं काही तिथे अक्षरं असावीत.

आता मास्तर. हा ताईचा धाकटा भाऊ. जन्मभर शाळेत भाषा शिकवली, म्हणून सगळे मास्तर म्हणतात. हा उजव्या हाताचा, त्यामुळे लहानपणी यानं तीन वेळा पितळी कडी काढली. बटाटा हे त्याचंच पाप. एकदा मोठेपणी त्यानं चौथ्यांदा कडी काढून ताईच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, घे, लिहून टाक नाव. ताई आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही.

निवृत्त झाल्यापासून मास्तर रोज बदकाच्या बाकावर येऊन बसतात. मांडीवर शब्दकोश. बहिणीनं तिकिटं फाडायची आणि भावानं शब्द फोडायचे, असं त्यांचं चालतं. 'कॅरोसेल' या शब्दानं तर त्यांना झपाटलंच. फिरता फिरता ते ताईला ओरडून सांगायचे, आणि बदक खांबामागे गेलं की वाक्य अर्धं राहायचं, पुढच्या फेरीत पुरं व्हायचं. मी असं तुकड्यातुकड्यानं पुष्कळ शिकलो. म्हणे फार पूर्वी पूर्वेकडचे स्वार घोडे दौडवत एकमेकांवर सुगंधी पाण्यानं भरलेले मातीचे गोळे फेकायचे. गोळा चुकवता आला नाही की दिवसभर अत्तराचा वास घेऊन हिंडायचं. पश्चिमेच्या शिपायांनी तो खेळ पाहिला, घरी नेला आणि त्याला नाव पडलं 'छोटी लढाई'. दुसरे पंडित म्हणतात, छे, हा शब्द मूळचा इटलीतल्या मातीच्या गोळ्याचा. तिसरे म्हणतात, त्याच्याही आधी तो भादरलेल्या गुळगुळीत डोक्याचा. तीन पंडित आणि चार मतं.

पुढे फ्रान्सच्या राजांच्या दरबारी लढाई गेली आणि थाटमाट उरला. स्वारांनी दौडत यायचं आणि भाल्याच्या टोकानं टांगलेली कडी उचलायची. त्याच्या सरावासाठी कुणीतरी खांबाभोवती लाकडी घोडे टांगले, आणि ते आमचे पूर्वज. मला हे कळलं त्या दिवशी मी दोन इंच जास्त उडालो. भाला उजव्या हातात, म्हणून कडी उजवीकडे, म्हणून आम्ही असे फिरतो, असं मास्तर म्हणायचे. काही देशांत चक्कर दुसऱ्या दिशेनंही फिरते, हेही त्यांनी एकदा चहा पिताना सांगितलं होतं. ताईनं ऐकलं, मास्तरांनी सांगितलं, आणि दोघांनी चहा संपवला. कधीकधी शहाणी माणसं हातातला दिवा घेऊन दिवा शोधतात.

मास्तरांची यादी वाढत होती. विमानतळावर सामान ज्या पट्ट्यावर गोल फिरत येतं तोही कॅरोसेल. जुन्या यंत्रात भिंतीवर चित्रं दाखवायला गोल तबक असायचं, तेही. फोनवर बोटानं सरकवायच्या चित्रांची माळ, तीही. नवा अर्थ सापडला की ते तो तिकिटाच्या पाठीवर लिहून खिशात ठेवायचे. लढाई, गोळा, घोडे, सामान, चित्रं, या सगळ्यांत एक धागा कोणता, ते त्यांना हवं होतं. ताई म्हणायची, धागा सापडला की माझं पोलकं शिवून दे.

मग एके दिवशी बागेच्या कार्यालयातून एक तरुण मॅडम आल्या. हातात मोजपट्टी आणि फाइल. त्यांनी आम्हा सगळ्यांची उंची मोजली, पट्टे लावायला सांगितले, आणि कडीच्या खांबापाशी थांबून मान हलवली. मूल बाहेर झुकलं आणि पडलं तर? येत्या रविवारी संध्याकाळी पाचला कडीचा खेळ कायमचा बंद, त्या स्वतः येऊन लाकडी हात उतरवून घेणार. ताई वाद घालणार तरी काय? तिचं मनगटच त्यांच्या बाजूनं साक्ष देत होतं. ती फक्त हो म्हणाली आणि बराच वेळ माझ्या गळ्याखालून फडकं फिरवत राहिली.

खरं सांगू? बटाट्याचा मला एवढा हेवा कधी वाटला नव्हता. रविवारपर्यंत ताईला कडी मिळाली नाही, तर मी नावावाचूनच राहणार होतो, आणि आठ वर्षांची एक मुलगी माझ्या मानेला मिठी मारून कायमची वाट बघत राहणार होती. घोडामैदान जवळ आलं होतं, आणि मैदानात उतरायला घोडा तयार असून स्वाराला हात नव्हता.

त्यातच गुरुवारी मोटर जळली. गुरुवारला उगीचच सगळ्यांनी टोमणे मारले. वायरमननं मोटर काढून नेली. त्याला सगळे झटका म्हणतात, कारण तो कामाला मात्र कधी झटकन येत नाही. वरातीमागून घोडं म्हणतात ना, तसा तो रविवारी दुपारी तीन वाजता मोटर घेऊन उगवला. तोवर कडीचा शेवटचा दिवस म्हणून अर्धं गाव बागेत जमलं होतं. झटक्यानं घाईघाईनं तारा जोडल्या, घाम पुसला आणि अंगठा दाखवला. साडेचार वाजले होते. मॅडमही येऊन उभ्या होत्या.

मुलं चढली. मास्तर बदकावर बसले. ताईनं घंटा वाजवली, दांडा पुढे ढकलला, आणि आम्ही मागे निघालो.

हो, मागे. सोळा घोडे, शेपट्या पुढे, तोंडं मागे. मुलांच्या तोंडून जी आरोळी उठली तशी मी उभ्या जन्मात ऐकली नाही. हेडमास्तर मागे पळतोय. तुफान माघार घेतोय. बटाटा गडगडत कुठे चाललाय त्याचं त्यालाच कळत नाहीये. बदक पाठमोरं पोहतंय आणि त्याच्यावर मास्तर कोश छातीशी धरून, चष्मा कपाळावर, दिवसा तारे मोजतायत. कडी दिसेपर्यंत ती लांब गेलेली असायची, मुलं हवेत हात मारायची आणि पुन्हा खदखदून हसायची. मी आयुष्यभर पुढे काय येतंय ते पाहत आलो, त्या फेरीत पहिल्यांदा मागे काय राहतंय ते पाहिलं. कारंजं लांब जात होतं, तिकीटघर लांब जात होतं, आणि मला इतकी गोड भोवळ आली की शेपटीचे उरलेसुरले केसही ताठ झाले.

चक्कर थांबली. झटका ओशाळा होऊन म्हणाला की तीन तारा असतात, दोन इकडच्या तिकडे झाल्या, दहा मिनिटांत सरळ करतो. तो पाना काढून निघालाही.

ताई जागची हलली नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मग तिनं स्वतःचा डावा हात समोर धरला, त्याच्याकडे पाहिलं, कडीच्या खांबाकडे पाहिलं, आणि पुन्हा माझ्याकडे. तिच्या ओठांआडून तुटका दात दिसायला लागला.

"तारा राहू देत," ती म्हणाली. "पाना इकडे आण. हा घोडा फिरव."

मास्तरांना आधी उमगलं. कोश बदकावर टाकून ते धावत आले. माझ्या पोटाखाली दोन बोल्ट आहेत, चोपन्न वर्षं गंजलेले. झटका एकीकडून, मास्तर दुसरीकडून. मी कुरकुरलो, करकरलो, आणि पाठीतून जाणाऱ्या दांड्याभोवती अर्धा वळसा घेऊन तोंड फिरवून उभा राहिलो. चक्कर आता उलटी फिरणार होती. पंधरा जण पाठीमागे पळणार, आणि एकटा मी सरळ. मधला खांब माझ्या उजवीकडे, आणि बाहेर, उन्हात, लोकांसमोर, माझं डावं अंग.

ताईनं वंगणाचा थर फडक्यानं पुसला. त्या अंगाला कधी ऊन लागलंच नव्हतं, त्यामुळे आतला रंग जसाच्या तसा होता. वेली, पक्षी, सगळे. लोक पुढे सरकले. मला फार लाजल्यासारखं झालं आणि फार बरंही वाटलं.

"मानेवर मासा का?" मॅडमनी विचारलं.

"ते विचारायचं नाही," मास्तर म्हणाले.

पाचला बारा मिनिटं होती. दांडा कोण धरणार, हा प्रश्न आला. ताईनं आयुष्यात पहिल्यांदा तो मास्तरांच्या हातात दिला आणि तीनदा बजावलं की बारा फेऱ्या, एक कमी नाही, एक जास्त नाही. कड्या भरायला कुणी उरलं नाही, म्हणून मॅडमनीच डबा उचलला. एरवी ताई कड्या कालवून, पितळी कुठेतरी मध्ये घालते. मॅडमना काय ठाऊक. त्यांनी सगळ्यांत सुंदर दिसली म्हणून पितळी कडी पहिली आत सारली आणि मग एकामागून एक अकरा लोखंडी. पहिली आत गेली म्हणजे सगळ्यांत शेवटी बाहेर येणार. मी ते पाहिलं. मला ओरडावंसं वाटलं, तोंडही उघडंच आहे माझं, पण जीभ लाकडाची.

ताई माझ्यावर बसली. त्रेपन्न वर्षांनी. वजन वाढलं होतं, पण गुडघ्यांनी धरायची पद्धत तीच. घंटा वाजली.

पहिल्या फेरीत तिनं डोळेच मिटून घेतले आणि कडी राहून गेली. हिशेब मला कळत होता. बारा कड्या, बारा फेऱ्या, आणि एक फेरी वाया. दुसऱ्या फेरीत डावा हात लांब गेला, बोट अडकलं, खट. लोखंडी. तिनं ती माझ्या कानात अडकवली. तिसरीत खट, लोखंडी. आसपास पंधरा घोडे आणि त्यांच्यावरची पोरं मागे मागे वाहत होती आणि आम्ही दोघं त्यांच्यातून पुढे धावत होतो. वर गेलो की झाडांचे शेंडे, खाली आलो की टोप्या आणि हसणारी तोंडं. पोरं मोठ्यानं आकडे म्हणायला लागली. सात, लोखंडी. आठ, लोखंडी. ताई आता हसत होती, केस सुटले होते, आणि माझ्या कानात कड्यांचा खुळखुळा झाला होता. अकरा, लोखंडी. बारा, लोखंडी.

मास्तर शिस्तीचा माणूस. बारा म्हणजे बारा. त्यांनी घंटा वाजवली आणि दांडा मागे ओढायला घेतला. चक्कर मंदावली. लाकडी हाताच्या तोंडाशी पिवळं काहीतरी चमकत होतं, ते ताईनं पाहिलं, आणि साठी उलटलेली ती बाई माझ्या मानेला मिठी मारून ओरडली.

"पुन्हा!"

मास्तरांच्या हातातून दांडा सुटला की त्यांनी सोडला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि बाही खाली ओढून ते झाकलं. आम्ही वेग धरला. मी वर गेलो, खाली आलो, पुन्हा वर गेलो, आणि बरोबर खांबापाशी ताईचा डावा हात वेलीसारखा सरळ बाहेर गेला. या वेळी खट असा आवाज आला नाही. पितळेचा आवाज निराळा असतो.

ताई उतरली. तिनं रंगाचा डबा आणि बारीक ब्रश मागितला. लोक नावं सुचवत होते, कुणी वायुवेग, कुणी सम्राट, आणि झटका म्हणत होता की माझंही नाव द्यायला हरकत नाही. ताई माझ्या गळ्याखाली बसली. डाव्या हातानं, जीभ बाहेर काढून, तिनं सावकाश लिहिलं: पुन्हा.

मास्तर वाकले, वाचलं आणि तसेच वाकून राहिले. मग त्यांनी खिशातून ती तिकिटं काढली, लढाई, गोळा, घोडे, सामान, चित्रं, एकेक करून खाली-वर केली आणि हसायला लागले. शेवटच्या तिकिटाच्या पाठीवर त्यांनी तोच एक शब्द लिहिला आणि ते बहिणीला दिलं. ताईनं ते वाचलं, आणि बाबांची आठवण काढून दोघं बदकावर बसून रडले. मीही रडलो असतो, पण माझे डोळे काचेच्या गोट्यांचे आहेत.

पाचला लाकडी हात उतरला. कबूल केलं ते केलं. तो आता तिकीटघरात टांगलेला आहे, त्याच्या तोंडात पितळी कडी आहे, आणि आमच्यावर बसणाऱ्या प्रत्येक मुलाच्या कमरेला पट्टा असतो. सोमवारी झटका तारा सरळ करायला आला तर मुलांनी त्याला वेढलं आणि तारांना हातच लावू देईनात. शेवटी त्यानं एक खटका बसवून दिला. सकाळी आम्ही पूर्वीसारखे फिरतो, तेव्हा पंधराजण पुढे आणि मी एकटा मागे. संध्याकाळी उलटे, तेव्हा ते मागे आणि मी पुढे. मला परत फिरवायला ताईनं साफ नकार दिला, त्यामुळे मासा कायम उन्हात असतो आणि थोडा फिकाही झालाय. मॅडमनी अहवालात लिहिलं: दिशा, दोन्ही.

आता सुतारकीडा माझ्या मागच्या उजव्या पायात शिरलाय, शेपटीत सतरा केस उरलेत, आणि ताईला जिने चढताना दम लागतो. आम्ही दोघं किती फेऱ्यांचे धनी आहोत ते कुणी मोजलेलं नाही. त्याचं मला काही वाटत नाही. तुम्ही बागेत आलात तर मागच्या फाटकाकडे या. डाव्या अंगाला नक्षी असलेला एकच घोडा आहे, चुकणार नाही. माझ्यावर बसा, हवं तर ओरडा, आणि घंटा वाजून चक्कर मंदावली की लगेच उडी मारून पळू नका. थांबलं की मला भोवळ येते, हे आता तुम्हाला ठाऊक आहे. तेवढं माझं नाव घ्या. दांड्यापाशी ताई असते, तिला ते बरोबर ऐकू जातं.